नर्सबाईची चंची

महिन्यातल्या एका रविवारी मी पिशवी झाडते. अंगणात जुनी सतरंजी अंथरायची, सगळ्या कप्प्यांच्या चेनी उघडायच्या आणि पिशवी उलटी करायची. जे पडायला हवं ते पडतंच: बीपीचं मशीन, टेप, थर्मामीटर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी, लाल गोळ्यांची पाकिटं. पण न बोलावता आलेलं सामानही पडतं. वाळून खडा झालेली चार बोरं. कागदाच्या पुडीतला हुरडा. कुणाच्या तरी बारशाच्या घुगऱ्या, आता कुणाच्या ते आठवत नाही. मागच्या महिन्यात एक प्लास्टिकचा ट्रॅक्टर निघाला, एक चाक मोडलेला. सुई टोचायच्या आधी एका पोराने तो विश्वासाने माझ्या हवाली केला होता आणि टोचल्यावर रागाने परत मागितलाच नव्हता.

असंच एकदा झाडणं चाललं असताना न्यू जर्सीतल्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती तिकडे नर्स प्रॅक्टिशनर आहे. म्हणजे शिकून मूळची नर्सच, पण वरचं शिक्षण घेऊन रुग्ण तपासते, निदान करते, औषध लिहून देते. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने हा अभ्यासक्रम सुरू केला, जिथे डॉक्टर पुरत नव्हते तिथल्या मुलांसाठी. आपल्याकडे २०१८ साली केंद्र सरकारने बाळंतपणाच्या कामासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हे नाव आलं. मी मात्र जुनी आरोग्यसेविका. अठरा महिन्यांचा एएनएमचा कोर्स करून १९९८ साली जामखेड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात लागले, त्यानंतर पाथर्डी, पुन्हा जामखेड. म्हाताऱ्यांच्या लेखी मी नर्सबाई, सुनांच्या लेखी सिस्टर, पोरांच्या लेखी सुईवाली. नियमाप्रमाणे पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र. त्या पाच हजारांत डॉक्टरांच्या आधी माझ्याचकडे येणारे किती असतात, हे कुठल्याच पदनामात मावत नाही.

भाचीने तिची बॅग दाखवली. स्टेथोस्कोप, गळ्यातला बिल्ला, चार रंगांची पेनं, खिशात मावेल अशी वही, चार्जर, हाताला लावायचं क्रीम आणि जादा मोजे. मोजे कशाला, विचारलं तर म्हणाली, "मावशी, बारा तास उभं राहिल्यावर कोरडे मोजे म्हणजे चैन असते गं." मी तिला माझी पॉलिथिनची पिशवी दाखवली. ओढ्याला पाणी असलं की चपला काढून तीत घालायच्या आणि पलीकडे जायचं. दोघी हसलो. मग तिने विचारलं, "तू तुझी बॅग लावतेस कशी?"

तिकडे राहूनही भाचीचं मराठी शाबूत आहे. 'भरतेस कशी' असं तिने विचारलं नाही, 'लावतेस कशी' असं विचारलं. भरायचं पोतं. लावायचं ते घर, रोप, दिवा आणि विड्याचं पान. या शेवटच्या लावण्यावरून मला एक म्हातारी आठवली, आणि खरं सांगायचं तर माझ्या पिशवीची गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते.

नोकरीचं दुसरं वर्ष. बालाघाटाच्या पायथ्याची एक वस्ती, थंडीची रात्र. सासरा सायकलवरून बोलवायला आला आणि मी त्याच्यामागे कॅरियरवर बसून गेले. जाऊन बघते तर बाळ जवळजवळ आलेलंच. गावातली सुईण अगोदरच उशाशी बसली होती. बाळ आलं, रडलं, आणि नाळ बांधायचा धागा सापडेना. पिशवी तर मीच भरली होती. एका कप्प्यात हात घातला, दुसऱ्यात घातला. शेवटी सगळी पिशवी गोधडीवर ओतली. कात्री, कापूस, गोळ्या, वही, माझा कंगवा, एसटीची तिकिटं. चिमणीच्या उजेडात मी त्या ढिगात तोंड खुपसून बसले. धागा सापडला, तसा तो दोन मिनिटांतच सापडला असेल. पण त्या दोन मिनिटांत मी बाळंतिणीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. म्हातारीने पाहिलं. तिचा एक हात पोरीच्या पोटावर होता. मला म्हणाली, "बाई, हात पिशवीत घाला, पन डोळं पोरीवर ठिवा."

काही वाईट झालं नाही. वार नीट पडली, रक्त बेताचं गेलं. पहाटे चहा झाल्यावर म्हातारी भिंतीला टेकून बसली आणि तिने कमरेची चंची काढली.

हल्लीच्या पोरींना चंची माहीत नाही म्हणून सांगते. कापडाची, एकावर एक कप्पे असलेली, गुंडाळी करून नाडीने बांधायची. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी, तंबाखू, शेवटी अडकित्ता. म्हातारी माझ्याशी बोलत होती. रात्रीच्या बाळंतपणाचं, तिच्या हातून झालेल्या आधीच्या बाळंतपणांचं. तिची नजर माझ्या तोंडावर होती आणि बोटं चंचीत. बोटांनी पान काढलं, देठ खुडला, चुना लावला, सुपारी कातरली, विडा तोंडात गेला. चंचीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिच्या शेजारी माझी चेनवाली सरकारी पिशवी अजून गोधडीवर उताणी पडलेली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी जामखेडात शिंप्याकडे गेले आणि हिरव्या जाड कापडाची, सात कप्प्यांची एक गुंडाळी शिवून मागितली. तो म्हणाला, "बाई, पान खायला लागला का?" तेव्हापासून आजवर अशा चार-पाच गुंडाळ्या झाल्या. दोन नेहमी असतात, एक पिशवीत आणि एक धुऊन वाळत. ज्या क्रमाने हात चालतो त्या क्रमाने कप्पे. गरोदर बाई तपासायची म्हणजे आधी बीपी, मग पोटाची उंची मोजायची टेप, मग ठोके ऐकायचं नळकांडं, मग बोटातलं रक्त. धागा आणि ब्लेडचं बंद पाकीट नेहमी डावीकडून पहिल्या कप्प्यात. आता बाळंतपणं बहुतेक दवाखान्यातच होतात, रस्त्यात अडलेली एखादी सोडली तर पाकीट फुटत नाही. तरी ते तिथून हलवलेलं नाही. बोटांना एकदा दाखवलेली जागा बदलली की ती वर्षभर जुन्याच जागी जातात.

न्हाव्याची धोकटी पाहा. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा, सगळं ठरल्या जागी. तुमच्या हनुवटीवरून नजर न काढता तो नराणी उचलतो. गवंड्याचा ओळंबा, सोनाराची चिमटी, तीच तऱ्हा. हत्याराची जागा पाठ झाली की नजर कामावर राहते. पिशवी नीट लावायची ती दिसायला सुबक म्हणून असं मला वाटत असे. सुईणीच्या त्या एका वाक्याने तो समज गेला. अर्थात शिस्त माझीही रोज टिकते असं नाही. पेन केसांत खोचून मी अर्ध्या बैठकीला पेन शोधायला लावलेलं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आमच्या खात्यात ही म्हण चष्म्याला आणि पेनाला आळीपाळीने लागू पडते.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला पिशवीचा एक वेगळा धडा होता. त्याचं नावच 'बॅग टेक्निक'. घरात गेल्यावर पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी. साबण आणि टॉवेल सगळ्यांत वर, कारण पहिल्यांदा तेच लागतात. ते काढायचे, हात धुवायचे, मग लागेल तेवढंच बाहेर. काम झालं की वस्तू पुसून, पुन्हा हात धुऊन मगच पिशवीत हात. शेवटी कागदाची मळकी बाजू आत येईल अशी घडी घालायची. घरोघर जाणाऱ्या नर्सची ही रीत तशी जुनी. १८५९ साली लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने, आपल्या आजारी बायकोची शुश्रूषा केलेल्या नर्सलाच पुढे गरिबांच्या घरी पाठवायला सुरुवात केली, तिथपासून ही पिशवी दारोदार फिरते आहे.

पुस्तकातला धडा सोपा होता, गावातला नव्हता. पहिल्याच वर्षी एका दलित वस्तीत मी 'सार्वमत'चा अंक पसरला आणि त्यावर पिशवी ठेवली. घरधनीण सारवलेल्या जमिनीकडे आणि माझ्या कागदाकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "आमची भुई वंगाळ हाय व्हय बाई?" मला उत्तर सुचेना. मी कागद पसरला होता शिकवलं म्हणून. तिने पाहिला तो पिढ्यान्पिढ्या पाहत आलेल्या अंतरासारखा. त्या दिवशी मी काहीतरी पुटपुटले. नंतर मात्र उत्तर तयार ठेवलं आणि ते खरंही आहे: "मावशी, मागच्या घरात खोकल्याचा रुग्ण होता. त्याच्या घरचं तुमच्याकडं यायला नको आन् तुमच्या घरचं पुढं जायला नको, म्हणून." पाटलाच्या वाड्यातही तोच कागद पसरायचा, आणि सगळ्यांना दिसेल असा पसरायचा, हे मी तेव्हाच ठरवलं. एका घरी पसरला आणि एका घरी नाही असं झालं की तो कागद जंतूंसाठी उरत नाही.

पिशवीच्या जोडीला दुसरं ओझं लसीच्या डब्याचं. आता लस पोचवणारा माणूस वेगळा असतो. पूर्वी सकाळी पीएचसीत जाऊन आम्हीच डबा भरून आणायचो. फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक तसाच डब्यात घालायचा नसतो. बाहेर ठेवायचा, त्याला घाम सुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खुळखुळलं की चार बाजूंना चार पॅक लावायचे. कडक गोठलेला पॅक टेकला तर पेंटा, टीडी, कावीळ ब अशा लसी गोठून निकामी होतात. दोन ते आठ अंश, एवढाच त्यांचा संसार. लोकांना वाटतं लस उन्हाने बिघडते, ते खरंच आहे, पण थंडीनेही बिघडते. नगर जिल्ह्यातल्या मे महिन्यात हे कुणाला पटवायचं म्हणजे कठीण. मला तो कानाशी पॅक धरण्याचा क्षण आवडतो. सगळा कारभार तापमापकाचा आणि तक्त्यांचा, पण शेवटचा निर्णय कानाचा, शहाळं किंवा नारळ घेताना हलवून बघावं तसा.

जाताना भरून नेलेली पिशवी येताना हलकी होते असंही नाही. हब कटरने तोडलेल्या सुया, लाल पिशवीत सिरिंज, काळ्या पिशवीत वेष्टनं, हे सगळं परत आणायचं असतं. गावात एक सुईही मागे ठेवायची नाही. भाजीवाली टोपली रिकामी करून घरी जाते, पोस्टमन झोळी रिकामी करून जातो. आम्ही आणलेलं परत नेतो.

एक गोष्ट मात्र रोज नेते, रोज परत आणते, आणि इतक्या वर्षांत ती एकदाही फोडलेली नाही. अॅड्रेनालिनची अॅम्प्युल. लस दिल्यावर एखाद्याला जीवघेणी रिअॅक्शन आली तर मांडीत द्यायचं इंजेक्शन, वयानुसार डोसाच्या तक्त्यासह. म्हणून तर लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो, आणि आया "सिस्टर, रान तसंच पडलंय" म्हणत कुरकुरतात. तिची पेटी सर्वांत बाहेरच्या कप्प्यात, एकटी. दर महिन्याला मुदत बघायची, संपत आली की बदलून घ्यायची. न वापरलेल्या वस्तूची एवढी निगा राखायची सवय या नोकरीने लावली.

पिशवीबद्दल बोलताना जामखेडला टाळून पुढे जाता येत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. सुरुवातीला त्यांनी आमच्यासारख्या शिकलेल्या नर्सना खेड्यांत ठेवून पाहिलं. जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी, परक्या गावात एकटी, तिला गावाने आपलं मानलं नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला टोचलं होतं. मग त्यांनी गावांनाच बाई निवडायला सांगितलं. ज्या निवडल्या गेल्या त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, गावात जाऊन करायचं, पुढच्या आठवड्याला येऊन काय झालं ते सांगायचं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात या कामावर प्रकरण आलं, १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर आशाताई आल्या, त्यांच्या वंशावळीत या बायकांचं नाव घ्यावं लागतं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला त्यांतल्या काही जणींशी गाठ पडायची. त्यांच्या पिशवीत पाहिलं तर फार थोडं सामान. साध्या गोळ्या, मलम, बाळंतपणाचं पाकीट. लिहिता येत नसल्यामुळे बाकीची सगळी पिशवी डोक्यात. कुणाचा कितवा महिना, कुणाचं पोर हगवणीने सुकलंय, कुठल्या घरी दोन दिवस चूल नाही. हगवण लागलेल्या पोरासाठी त्या ओआरएसचं पाकीट शोधत बसत नसत. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. मीठ-साखर त्याच घरातली, पाणी त्याच घरातलं, आणि ढवळणारा हात आईचा. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून पाजून असंख्य जीव वाचवले होते. नर्सच्या पिशवीतली सर्वांत मोलाची वस्तू पिशवीत ठेवावीच लागत नाही, हे मला त्या बायकांकडे बघून कळलं.

बाळंतपणाच्या पाकिटाचंही तसंच. साबण, नवं ब्लेड, धागा, प्लास्टिकचा तुकडा. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ धागा, स्वच्छ नाळ. तळहातावर मावेल एवढ्या या ऐवजाने आणि आईला दिलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाने काय केलं ते जुन्या बायकांना विचारा. बाळ आठवड्याचं होतं न होतं तोच दूध ओढेनासं व्हायचं, ताठ व्हायचं आणि जायचं. ते गेलं की सटवाईच्या नावावर जायचं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी उपकेंद्रात आम्ही काही पेढे वाटले नाहीत. वाटायला हवे होते.

आमच्या भिंतीवर एक कापडी पिशवी टांगलेली असते, ट्रॅकिंग बॅग. बारा महिन्यांचे बारा कप्पे, शिवाय एखाद-दुसरा जादा. लसीकरणाच्या कार्डाचा अर्धा भाग आईकडे, अर्धा आमच्याकडे. पोराची पुढची लस ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या कप्प्यात आमचा अर्धा. हीही चंचीच, फक्त उभी. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी-जामखेडकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि या कप्प्यांतली निम्मी कार्डं नुसती बसून राहतात. पोर कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात, कुठल्यातरी फडात. मग भिस्त दुसऱ्या अर्ध्यावर. एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास परतलेल्या एका बाईने लुगड्याच्या घडीतून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, आधार आणि मधोमध पोराचं कार्ड. त्यावर लांबच्या गावातल्या कुण्या सिस्टरच्या हातची सही आणि तारीख. कोपीत पाऊस शिरला, चूल भिजली, धान्य भिजलं, कार्ड कोरडं. तिच्या पिशवीपुढे माझी पिशवी काय लावायची!

आता पिशवीत नवे रहिवासी आले आहेत. मोबाइल, टॅबलेट, चार्जर, पॉवर बँक. आरसीएच वेगळं, यू-विन वेगळं, बीपी-शुगरवाल्यांचं पोर्टल वेगळं, आभा कार्ड वेगळं. एकाच बाईचं नाव तीनदा टाइप करायचं, आणि रेंज नसली तर आधी वहीत, म्हणजे चौथ्यांदा. फायदा होत नाही असं मी म्हणणार नाही. साहली नावाच्या जुन्या पद्धतीत खिडकीच्या उजेडात रंगाशी रंग जुळवत हिमोग्लोबिन काढायला बराच वेळ जायचा, आता यंत्र काही सेकंदांत आकडा दाखवतं. ऊसतोडीला गेलेल्या पोराची नोंदही उद्या पडद्यावर सापडू शकेल, ती मला हवीच आहे. पण तपासायला बसलेली पोर "सिस्टर, मला रात्री..." म्हणून काही सांगू लागते आणि तेव्हा माझे डोळे टॅबलेटवर गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे असतात. पोर गप्प होते. एकदा गप्प झालेली पोर पुन्हा ते वाक्य पुरं करत नाही. चंचीने मोकळे केलेले डोळे पडद्याने परत बांधून घेतले, असं मला त्या वेळी वाटतं. म्हणून मी एक नियम केला आहे. टॅबलेट पिशवीच्या तळाशी. आधी बाईला पुरतं बोलू द्यायचं, तपासायचं, मगच तो बाहेर. माझी नोंद उशिरा चढते. त्याबद्दल वरून बोलणी खाल्ली आहेत, पुढेही खाईन.

भाचीला हे सगळं फोनवर सांगता आलं नाही. तिच्याकडे तेव्हा रात्र होती आणि सकाळी ड्यूटी. तिच्यासाठी शिंप्याकडून एक गुंडाळी शिवून घेतली आहे, सात कप्प्यांची. जुना शिंपी आता नाही, त्याचा मुलगा बसतो. त्याने काही विचारलं नाही, हिरवं कापडच काढलं.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. दारात आरोग्यसेविका आली, तिने कागद पसरून त्यावर पिशवी ठेवली, तर मनाला लावून घेऊ नका. चहा मागाहून ठेवा. आधी तिच्या हातावर तांब्याभर पाणी घाला.